वाफा माझा, वाट कुणाची?

सिअ‍ॅटल शहरात पालिकेच्या भाजीबागेत वाफा हवा असेल, तर वर्षाचं शुल्क भरून मोकळं होता येत नाही. वाफ्याबरोबर वर्षाला किमान आठ तासांचं श्रमदान येतं, आणि ते स्वतःच्या वाफ्यात करून चालत नाही. आपल्या टोमॅटोला पाणी घातलं, आपल्या वाटाण्याला काठ्या रोवल्या, तर ते त्यात धरत नाहीत. कंपोस्टचा ढीग परतणं, पायवाटांवर लाकडाच्या ढलप्या पसरणं, कुंपणावर चढलेली वेल तोडणं, अवजारांच्या खोलीतली फावडी पुसून जागच्या जागी टांगणं, नव्या माणसाला नळ कुठे आहे ते दाखवणं, ही कामं धरतात. ज्याचं फळ कुणाच्याच पिशवीत पडत नाही, अशी कामं.

आठ तास म्हणजे फार नाही, दोन-तीन रविवारच्या सकाळी. पण नियम करावा लागला यातच सगळं आलं. सामाईक भाजीबाग मोडते ती वाफ्यांत नाही, वाफ्यांच्या मधल्या वाटांत. आपल्या वाफ्यातलं तण कोण ठेवील? वाटेवरचं मात्र ‘बघू, कुणीतरी काढील’ म्हणून राहतं, बियांवर येतं आणि महिन्याभरात दोन्हीकडच्या वाफ्यांत शिरतं. गणेशोत्सवाची वर्गणी सगळी सोसायटी देते, पण विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडव सोडायला तेच चौघे असतात. त्या चौघांपैकी एकाची बदली झाली की मंडळाचं काय होतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला सिअ‍ॅटलच्या या नियमाचं कारण वेगळं सांगायला नको.

या बागांना तिथे ‘पी-पॅच’ म्हणतात. आज शहरात अशा सुमारे ९० बागा आहेत आणि काही ठिकाणी वाफ्यासाठी वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त थांबावं लागतं. पहिली बाग ज्या जमिनीवर झाली ती पिकार्डो या इटालियन कुटुंबाची, म्हणून ‘पी’. शहराच्या ईशान्येला वेजवुड भागात त्यांची सुमारे वीस एकर शेती होती. जुन्या दलदलीची, काळी, भुसभुशीत माती. पिकार्डो मंडळी तिथे भाजी पिकवत आणि पाईक प्लेस मार्केटमध्ये नेऊन विकत. हे मार्केट १९०७ पासून चालू आहे, आणि ते सुरूच झालं शेतकऱ्यानं दलाल टाळून थेट गिऱ्हाइकाला माल विकावा म्हणून.

पुढे घरं वाढली, शेती आकसली. १९७० च्या सुमारास सिअ‍ॅटलवर मोठं संकट आलं. शहर बोइंग या एकाच कंपनीच्या जिवावर वाढलं होतं. १९६८ च्या आसपास तिथे बोइंगचे लाखभर नोकर होते, ते १९७१ पर्यंत चाळीस हजारांच्या खाली आले. शेवटचा माणूस सिअ‍ॅटल सोडून जाईल तेव्हा त्यानं दिवे मालवावेत, असा टोमणा मारणारा फलक विमानतळाजवळ लागला होता, त्या काळातली ही गोष्ट. कालपर्यंत अभियंता म्हणून काम करणारी माणसं मोफत शिध्याच्या रांगेत उभी राहू लागली. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना अन्न पुरवावं म्हणून ‘नेबर्स इन नीड’ नावाची चळवळ सुरू झाली.

डार्लिन रुंडबर्ग ही तरुण विद्यार्थिनी पिकार्डोंकडे गेली आणि या चळवळीसाठी भाजी पिकवायला जमिनीचा एक तुकडा तिनं मागितला. जमीन मिळाली. राबायला माणसं हवी होती, ती जवळच्या प्राथमिक शाळेतून आली. मुलं, आणि मुलांच्या मागोमाग त्यांचे आईबाप. मधल्या मोठ्या तुकड्यातली भाजी गरजूंना जायची. जी कुटुंबं तिथे राबली त्यांना कडेकडेनं छोटे वाफे देण्यात आले, स्वतःची भाजी लावायला.

हा क्रम मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. आधी दुसऱ्यासाठी राबणं आलं आणि स्वतःचा वाफा आला तो मागून, त्या श्रमांचा मोबदला म्हणून. १९७३ मध्ये पालिकेनं ही कल्पना उचलली, प्युजेट कन्झ्युमर्स को-ऑप या ग्राहक सहकारी संस्थेनं सुरुवातीचा कारभार पाहिला आणि १९७५ मध्ये शहरानं ती जमीन विकतच घेतली. पण या प्रवासात क्रम हळूहळू उलटा झाला. कडेचे वाफे हीच बाग झाली, मधला सामाईक तुकडा आटत गेला. आज अर्ज करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो तो स्वतःचा वाफा, आणि श्रमदान त्याला जोडलेली अट. आठ तासांचा नियम हा मूळच्या देवाणघेवाणीचा उरलेला धागा आहे असं मी मानतो. पालिकेच्या कागदांत तसं लिहिलेलं नसेल, पण बागेचा इतिहास तेच सांगतो.

आता प्रत्यक्ष काम. श्रमदानाच्या सकाळी नवख्याच्या हातात बहुधा जाड हातमोजे आणि कुदळ पडते, कारण या भागातला पहिला शत्रू आहे काटेरी ब्लॅकबेरी. तिला सगळे ‘हिमालयन ब्लॅकबेरी’ म्हणतात. हिमालयाशी तिचा काडीचा संबंध नाही. ती मूळची आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची. ल्यूथर बरबँक या प्रसिद्ध अमेरिकी वनस्पतीसंवर्धकाला हिचं बी भारतातून आलं, म्हणून ती हिमालयातली असणार असं धरून १८८५ मध्ये त्यानं ती त्या नावानं बाजारात आणली. फळ गोड आणि टपोरं, म्हणून लोकांनी हौसेनं लावली. मग पक्ष्यांनी बिया नेल्या आणि पश्चिम किनाऱ्यावर रेल्वेच्या कडा, ओढ्यांचे काठ, पडीक प्लॉट असं सगळं तिनं व्यापलं. नुसत्या फांद्या छाटल्या तर ती दुप्पट जोमानं फुटते. जमिनीखालचा गड्डा खणून काढावा लागतो, आणि फांदीचं टोक मातीला टेकलं की तिथेही मुळं धरतात, तेही शोधावं लागतं.

दुसरी आपली ओळखीची हरणखुरी. जोंधळ्याच्या रानात ती उपटणाऱ्या बायकांना विचारा. ओढली की वर तुटते आणि खाली राहिलेल्या मुळाच्या प्रत्येक तुकड्यातून नवी वेल येते. फावड्यानं तोडली तर एकीच्या दहा होतात. म्हणून जुने स्वयंसेवक नव्यांना सांगतात की हात लावायच्या आधी माती सैल करा, मग मूळ अख्खं ओढा, आणि ते कंपोस्टच्या ढिगात मुळीच टाकू नका. तिसऱ्या आहेत बिनशंखाच्या गोगलगाई. मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्यांना २०२२ मध्ये शंखी गोगलगाईंनी जेरीस आणलं होतं. सिअ‍ॅटलच्या ओल्या हवेत हे दरवर्षीचंच आहे. या बागांत रासायनिक कीडनाशकं आणि खतं वापरायची नाहीत असा दंडक आहे, तेव्हा रात्री विजेरी घेऊन पानांखालच्या गोगलगाई हातानं वेचणं हाच खात्रीचा उपाय उरतो.

पायवाटांसाठीच्या ढलप्या सहसा फुकट मिळतात. झाडं छाटणाऱ्या लोकांना त्यांची विल्हेवाट लावायचीच असते, ते ट्रक आणून ओततात. खाली पुठ्ठ्याची खोकी उलगडून अंथरायची, कडा एकमेकांवर चढवायच्या, चिकटपट्ट्या आधी काढायच्या आणि वर वीतभर ढलप्या पसरायच्या. उजेड न मिळाल्यानं तण मरतं, पुठ्ठा वर्षभरात कुजून मातीत जातो आणि त्याच्याखाली गांडुळं जमतात. हे काम एकट्याला रडवतं. दहा-बारा माणसं आणि चार ढकलगाड्या असल्या, तर सकाळीच उरकतं.

मराठी वाचकाला चकवणारी गोष्ट तिथलं हवामान. सिअ‍ॅटल पावसाचं शहर म्हणून प्रसिद्ध आहे, पण वर्षाचा पाऊस ९५० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय तो पडतो हिवाळ्यात, भुरभुर, दिवसेंदिवस. जुलै-ऑगस्ट हे दोन महिने मिळून जेमतेम ४० मिलिमीटर. आपल्याकडे ज्या महिन्यांत वाफ्यातलं पाणी बाहेर कसं काढावं ही चिंता असते, त्याच महिन्यांत तिथे रोज पाणी घालावं लागतं. आणि तोच सुट्टीवर जायचा मोसम! त्यामुळे बागेत सर्वांत कामाचा माणूस कोण, तर ऑगस्टमध्ये गावात असलेला. शेजारच्या चार वाफ्यांना पाणी घालणारा, तयार काकड्या तोडून ठेवणारा. काकडी, झुकिनी, घेवडा वेळेवर तोडले नाहीत तर वेल नवं फळ धरायचं थांबवते, हे न कळल्यामुळे पुष्कळ हौशी लोकांचे वाफे ऐन भरात बसतात.

जूनमध्ये दिवस सोळा तासांचा. सिअ‍ॅटलच्या आसपास, विशेषतः रेडमंड-बेलव्ह्यूकडे, सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमुळे मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि वाफा मिळाला की पहिली आठवण कोथिंबिरीची होते. मे अखेरीस पेरलेली कोथिंबीर त्या लांबलचक दिवसांत जुडी बांधण्याआधीच फुलावर येते. तिला मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर मानवतो. मेथीचंही तसंच, गारव्यात ती झकास येते. भेंडीचा नाद मात्र सोडलेला बरा. रात्री गार पडतात आणि झाड हातभर वाढून रुसून बसतं. लसणाचा काळ आपल्यासारखाच, पाकळ्या ऑक्टोबरात टोचायच्या. पण गड्डे काढायला जुलै उजाडतो.

एवढी माणसं एका जागी राबतात, तर भांडणं होत नाहीत का? होतात. चोरी होते, नळी उघडी राहते, कुणाच्या सूर्यफुलाची सावली दुसऱ्याच्या मिरचीवर पडते. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञानं एक निबंध लिहून असं मांडलं, की सामाईक कुरणात प्रत्येक जण आपलं एक जनावर जास्त सोडणार आणि कुरण उजाड होणार, हे अटळ आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी मात्र जगभरची सामाईक कुरणं, मासेमारीच्या जागा, पाटाचं पाणी यांचा अभ्यास करून दाखवलं की अटळ काही नाही. जिथे कोण आत आणि कोण बाहेर हे स्पष्ट असतं, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, लक्ष ठेवणारा माणूस त्यांच्यातलाच असतो आणि शिक्षा एकदम न होता पायरीपायरीनं होते, तिथे सामाईक गोष्टी शेकडो वर्षं टिकतात. या कामासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पी-पॅचमध्ये ओसाड पडलेल्या वाफ्याच्या मालकाला आधी सूचना जाते, मग ताकीद, आणि तरीही हालचाल दिसली नाही तर वाफा यादीतल्या पुढच्या माणसाला. ऑस्ट्रॉम यांच्या पायऱ्या त्या ह्याच.

यासाठी आपल्याला नोबेलपर्यंत जायची गरज नाही म्हणा. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे बांधून फड पद्धतीची शेती तीनशे वर्षांहून जास्त काळ चालत आली. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, त्यांचा मोबदला शेतकऱ्यांकडून, आणि पाटातला गाळ काढायचा तो सगळ्यांनी मिळून. पाट कुणा एकाचा नाही, पण गाळ काढायला गैरहजर राहून पाणी मिळत नसे. इर्जिकेचीही आठवण होईल. नांगरणीला, पेरणीला गावातल्यांना हाक मारायची आणि आलेल्यांना पोटभर जेवू घालायचं. फरक एवढाच की इर्जिकेला आलेल्याच्या शेतावर उद्या आपण जाणार हे ठरलेलं असतं. शहरी बागेत शेजारच्या वाफ्यावरचा माणूस पुढच्या वर्षी घर बदलून जाईल, त्याचे श्रम फेडायची संधीच मिळणार नाही. तरी माणसं येतात. काही भाजीसाठी, काही ओळखीसाठी. बरीचशी, मला वाटतं, आठवडाभर पडद्यासमोर बसून हाताला माती लागावी म्हणून येतात, आणि त्यात कमी मानण्यासारखं काही नाही.

मूळचा सामाईक तुकडा पुरता नाहीसा झालेला नाही. अनेक पी-पॅचमध्ये काही वाफे फक्त वाटण्यासाठी राखलेले असतात, आणि दरवर्षी हजारो किलो भाजी गरजूंच्या अन्नपेढ्यांकडे जाते. इथे नुसती सदिच्छा पुरत नाही. पालेभाजी सकाळी ऊन चढायच्या आत कापायची, धुऊन निथळायची, सावलीतून न्यायची आणि पेढी उघडी असेल त्याच दिवशी पोचवायची. पालकाची मरगळलेली जुडी गरीब माणसाला चालेल असं मानणं हा उद्धटपणा आहे. शिवाय, घेणारा काय शिजवतो हे विचारावं लागतं. ज्याच्या घरी एकच शेगडी आहे त्याला तासभर शिजणारं बीट देऊन काय उपयोग? कांदे, गाजर, कोबी, रोजच्या ओळखीच्या पालेभाज्या आधी संपतात. बागेत विसरून राहिलेली हातभर लांबीची झुकिनी मात्र दान म्हणून नेणाऱ्याचीच सोय करते.

याच शहरात २०१२ मध्ये उलट टोकाचा एक प्रयोग सुरू झाला. बीकन हिल टेकडीवर, जेफरसन पार्कच्या उतारावर, शहराच्या पाणी-विभागाची सात एकर जागा आहे. तिथल्या ‘बीकन फूड फॉरेस्ट’मध्ये वर सफरचंद, नासपती, प्लम, खाली ब्लूबेरी आणि करंटची झुडपं, त्याखाली औषधी आणि मसाल्याची झाडं अशी मजल्यामजल्यांची लागवड आहे. सामाईक भागात ‘माझं’ काहीच नाही. महिन्यातून एकदा श्रमदान, सोबत जेवण, आणि फळ-भाजी कुणीही तोडावी. जो राबला त्यानं, आणि जो कधीच राबला नाही त्यानंही. एकानंच सगळ्या ब्लूबेरी नेल्या तर, असा प्रश्न सुरुवातीपासून विचारला गेला. फळं उरली नाहीत तर बाग यशस्वी झाली असं समजू, असं करणाऱ्यांचं उत्तर होतं. उत्तर दिलदार आहे, पण मला ते अर्धंच पटतं. फळझाडाला हे तत्त्व चालतं, कारण झाड एकदा लागलं की वर्षानुवर्षं देतं. कोबीच्या गड्ड्यासाठी तीन महिने पाणी घालणाऱ्याला तो कुणीतरी नेल्यावर तितकं उदार राहता येईलसं वाटत नाही. पी-पॅच आणि फूड फॉरेस्ट यांच्या नियमांतला फरक काही अंशी माणसांच्या स्वभावाचा नसून पिकांचा आहे.

मुंबईत जमीनच नाही, तेव्हा सगळं गच्चीवर येतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी या शतकाच्या सुरुवातीला स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यातून भाज्या आणि फळझाडं उभी केली, आणि त्यातून पुढे ‘अर्बन लीव्ह्ज’ हा स्वयंसेवकांचा गट झाला. त्यामागे कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांचा विचार होता. गणिताचे शिक्षक असलेल्या दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून शेतकऱ्यांनाच प्रयोग करायला लावलं होतं.

गच्चीवरच्या स्वयंसेवकाचे पहिले कितीतरी महिने भाजीत जातच नाहीत, मातीत जातात. साधी ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते, गच्चीला ते ओझं सोसत नाही. म्हणून पालापाचोळा आणि रसवंतीचा चोथा यांतून हलकी ‘अमृत माती’ करतात. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ दहा लिटर पाण्यात कालवून तीन दिवस ठेवायचं, रोज ढवळायचं, मग दसपट पाण्यात मिसळायचं. त्यात पाचोळा दिवसभर भिजवून मुठी-मुठी मातीबरोबर थर रचायचे, ढीग फूटभर उंच. महिनाभर तो दर आठवड्याला परतायचा. नंतर त्यावर धान्य, डाळी, भाज्या, मसाले असं मिश्र बी पेरायचं, २१, ४२ आणि ६३ दिवसांनी त्या रोपांची छाटणी करून ती तिथेच ढिगात मिसळायची. सगळं मिळून सुमारे पाच महिने. पहिल्या दोन रविवारी उत्साहानं आलेल्यांपैकी पुष्कळांचा पाय इथेच अडतो, कारण दाखवायला हातात भाजी नसते.

पुन्हा सिअ‍ॅटलला, पण शहराच्या दुसऱ्या भागात. चायनाटाऊनच्या टेकडीवर डॅनी वू बाग आहे. साठच्या दशकात इथून महामार्ग काढला, सत्तरच्या दशकात बाजूलाच प्रचंड स्टेडियम बांधलं, आणि मध्ये राहिले जुन्या हॉटेलांच्या एकेका खोलीत राहणारे चिनी, जपानी, फिलिपिनो, कोरियन म्हातारे. त्यांना हिरवी पात, मुळा, पाक-चॉय, कारली लावायला जागा हवी होती. डॅनी वू या व्यावसायिकानं आपला पडीक उतार वर्षाला एक डॉलर भाड्यानं दिला. १९७५ मध्ये बॉब सँटोस आणि इतर कार्यकर्त्यांनी स्वयंसेवक जमवून झुडपं तोडली आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर रचून उतारावर टप्पे बांधले. वाफे म्हाताऱ्यांचे, चढणीची कामं तरुणांची, अशी वाटणी तिथे पहिल्यापासून आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं डोंगर चढून खत वाहावं असा आग्रह कुणी धरत नाही. लाकडी स्लीपर काही वर्षांनी कुजतात, टप्पे ढासळू लागतात, पायऱ्या हलतात. वॉशिंग्टन विद्यापीठात वास्तुरचना शिकणाऱ्या मुलांनी अभ्यासाचा भाग म्हणून तिथे अनेक बांधकामं केली आहेत. वर्षातून एकदा बागेत अख्खं डुक्कर भाजून मेजवानी होते. तिला वाफेवाले, वस्तीवाले आणि राबायला आलेले सगळेच येतात, आणि दुसऱ्या दिवशी भट्टी साफ करायला पुन्हा माणसं लागतात.